जुन्या ट्रकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर: कोकणात घ्यावा का, आणि त्यात कूलंट कसं भरावं

टाटाच्या ४०७, ७०९ किंवा १६१३ सारख्या जुन्या ट्रकची तांब्या-पितळेची जाळी गळायला लागली की दुकानदार हल्ली आधी ॲल्युमिनियमचा रेडिएटर काढून दाखवतो. वजनाला हलका, तांब्यापेक्षा स्वस्त, आणि तयार मिळणारा. कोकणपट्टीत चालणाऱ्या गाडीला तो बसवावा का, तर बसवावा. मात्र तांब्याच्या जाळीने ज्या सवयी वर्षानुवर्षं खपवून घेतल्या, त्या याच्याबरोबर चालत नाहीत. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी ओतणं, कॉस्टिकने जाळी धुणं, गळती लागली की हळद टाकणं आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी जाळीकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकणं. यातली एखादी जरी सुटणार नसेल तर पितळी जाळीच दुरुस्त करून घ्या, पैसे वाचतील.

आधी धातूबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा पावणेदोनपट चांगली वाहून नेतं, हे खरं. पण पितळी जाळीत नळ्या अरुंद असतात आणि पंखपट्ट्या शिशाच्या डागाने चिकटवलेल्या असतात. ॲल्युमिनियमच्या जाळीत नळ्या रुंद घेता येतात आणि पट्ट्या भट्टीत नळीला थेट जोडल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष थंडावा जवळपास सारखाच मिळतो. वजनात फरक मोठा आहे: तांब्याची घनता ८.९, ॲल्युमिनियमची २.७. ॲल्युमिनियम गंजत नाही असं दुकानात सांगतात, ते अर्धंच खरं आहे. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच त्याला वाचवतो. हा थर तीव्र आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कलीतही. खारट पाण्यातले क्लोराइड त्याला जागोजागी भोकं पाडतात. म्हणजे समुद्राची हवा बाहेरून आणि मचूळ पाणी आतून, असे दोन शत्रू या जाळीला कोकणात कायमचे आहेत.

खरेदीला गेल्यावर दोन प्रकार दिसतील. एक, ॲल्युमिनियमची जाळी आणि वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या. दोन, टाक्यांसकट सगळा ॲल्युमिनियमचा, वेल्डिंग केलेला. प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर स्वस्त असतो आणि डांबरी रस्त्यावर ठीक चालतो. पण चिऱ्याच्या खाणीवर किंवा कच्च्या रस्त्यावर गाडीची चेसिस पिळवटते, आणि टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते तिथला रबरी गॅस्केट ओला दिसू लागतो. खाणीची, वाळूची, जड मालाची गाडी असेल तर वेल्डिंगवालाच घ्या. तोही घेताना काउंटरवर चार गोष्टी बघाच.

पहिली, झाकणाच्या गळ्याची खोली. जुन्या रेडिएटरचं झाकण नव्या गळ्यात घालून फिरवा. खालचा रबर बसकणीवर दाबून बसतोय हे हाताला जाणवलं पाहिजे. गळा खोल असेल तर झाकण लागतं पण दाब धरत नाही, आणि मग गाडी घाटात पाणी का फेकते हे महिनाभर कुणाला कळत नाही. बदली मालात हा दोष वारंवार सापडतो. दुसरी, खालचा ड्रेन कॉक. पितळी कॉक थेट ॲल्युमिनियमच्या आट्यात बसवलेला असेल तर दोन धातूंच्या संगतीने आटे पांढरे पडून खातात, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर कॉक सोडवताना आटेच बाहेर येतात. प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा कॉक मागा. पितळीच मिळाला तर आट्यांना टेफलॉन टेप नीट गुंडाळून बसवा. तिसरी, होज (रबरी पाइप) बसतो त्या नळ्यांच्या टोकाला उठलेली कड आहे का. कड नसेल तर दाबाखाली होज निसटतो. चौथी, वेल्डिंगची शिवण सलग आहे का. ती रंगाखाली लपवलेली असेल तर तो नग परत ठेवा.

बसवताना रेडिएटर चेसिसला कडक आवळायचा नाही. खाली रबरी पॅड, वरच्या पट्टीला रबरी बुश. जुने पॅड चपटे झालेले असतात, ते परत वापरू नका. पंख्याची पाती आणि जाळी यांत निदान २५ मिलिमीटर अंतर हवं. आणि पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा वळवणारं आवरण, परत लावाच. जुन्या गाड्यांवरचं श्राउड कधीतरी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. सपाट रस्त्यावर त्याची उणीव भासत नाही. पण एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट दुसऱ्या गियरमध्ये चढताना समोरून वारा लागतच नाही, सगळा थंडावा पंख्यावर असतो. श्राउडशिवाय पंखा जाळीच्या मधल्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे नुसते तापत राहतात.

आता पाणी. खाडीकाठच्या विहिरी आणि बोअर फेब्रुवारीनंतर मचूळ होतात. ते पाणी रेडिएटरला वर्ज्य. डोंगराकडच्या जांभ्यातलं विहिरीचं पाणी चवीला गोडं असतं आणि फ्लशिंगला चालतं, पण कायम भरून ठेवायला नाही. पॅकबंद पिण्याच्या पाण्यातही क्षार असतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बॅटरीचं पाणी, म्हणजेच डिमिनरलाइज्ड पाणी. ५ लिटरचे कॅन कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतात. दोन-तीन कॅनच्या खर्चाने जाळीचं आयुष्य वाचतं, म्हणून इथे काटकसर करू नका.

कूलंटचा रंग बघून खरेदी करणं ही सगळ्यात पसरलेली चूक आहे. हिरवा, लाल, निळा हा निव्वळ टाकलेला रंग असतो, दोन कंपन्यांच्या हिरव्यात वेगवेगळी रसायनं असू शकतात. कॅनच्या मागे बघा. आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची भारतीय आणि जपानी मानकं) लिहिलेलं असावं. डिझेल ट्रकसाठी एएसटीएम डी ६२१० हे जड वाहनांचं मानक लिहिलेलं असेल तर अधिक चांगलं, कारण ओल्या लायनरच्या (सिलिंडरच्या ज्या बाहीला बाहेरून थेट पाणी लागतं तिच्या) इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटून जे खड्डे पडतात, त्याविरुद्धची रसायनं त्यात असतात. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट ॲल्युमिनियमवर लगेच थर धरतं पण दोन वर्षांत थकतं. सेंद्रिय आम्लावर चालणारं कूलंट सावकाश काम करतं आणि कॅनवर पाच वर्षं लिहिलेलं असतं. ती पाच वर्षं बंदिस्त सिस्टीमची आहेत. जुन्या ट्रकला बहुधा ओव्हरफ्लोची बाटली नसते, वरून हवा शिरते, मध्येच कुणीतरी पाणी ओततं. आमच्या मते अशा गाडीला कुठलंही कूलंट दोन, फार तर तीन वर्षांनी बदलावं. आणि दोन जातींची कूलंट एकत्र करू नका. दोघांचंही आयुष्य घटतं, क्वचित बुळबुळीत गाळ होऊन अरुंद नळ्या बुजतात.

तयार मिसळलेलं घ्यावं की कॉन्सन्ट्रेट? थोडं टॉपअप करायचं असेल तर तयार बरं. पूर्ण बदलायचं असेल तर कॉन्सन्ट्रेटच घ्या. कारण फ्लशिंगनंतर ब्लॉकमध्ये २-३ लिटर पाणी राहतंच. त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं, आणि ते कुणी मोजत नाही.

प्रमाण किती, याचा विचार कोकणासाठी वेगळा आहे. निम्मं-निम्मं हे प्रमाण उणे ३७ अंशांपर्यंत गोठू नये म्हणून सांगतात. इथे गोठण्याचा प्रश्नच नाही. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, वाढलं की मिश्रणाची उष्णता धरण्याची ताकद कमी होते. उलट ३३ टक्क्यांच्या खाली गेलं तर गंजरोधक रसायनं अपुरी पडतात. म्हणून ४० टक्के कूलंट आणि ६० टक्के डिमिनरलाइज्ड पाणी हे इथल्या जुन्या ट्रकला योग्य. कॅनवर कंपनीने यापेक्षा जास्त किमान प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. उकळीचा प्रश्न बराचसा झाकण सांभाळतं. साधं पाणी ७ पीएसआयच्या झाकणाखाली सुमारे १११ अंशांना उकळतं, १३ पीएसआयच्या झाकणाखाली सुमारे ११८-११९ ला. ग्लायकॉलचे चार-पाच अंश वर. किनाऱ्यावर उघडं पाणी १०० ला उकळतं, तर सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीत ९८ च्या खालीच. म्हणजे झाकणाचा रबर चिरलेला असेल तर घाटमाथ्याला पोचता पोचताच उकळी फुटणार. झाकण दर बदलाला नवं घ्या, पण कंपनीने दिलेल्या दाबाचंच. गाडी तापते म्हणून जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होज आणि वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) सील आधी जातं.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर नव्याने बसवणार असाल तर ब्लॉक आधी, जुना पितळी रेडिएटर जागेवर असतानाच धुऊन घ्या. ही एक गोष्ट बहुतेक गॅरेजात होत नाही, आणि ब्लॉकमधला वर्षानुवर्षांचा गंज पहिल्या आठवड्यात नव्या नळ्यांत जाऊन बसतो. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम. १४ लिटरच्या सिस्टीमला ७०० ग्रॅम. आधी बादलीत विरघळवून मग ओता, इंजिन चालू करून काटा नेहमीच्या जागी आल्यावर १५-२० मिनिटं चालवा, कोमट झालं की सोडा. त्यानंतर पाण्याने दोनदा, खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवा. जुनी जाळी फार खाल्लेली असेल तर या धुण्यात ती गळेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती जाणारच होती. एकदा ॲल्युमिनियमची जाळी चढली की हा प्रयोग बंद. मग फक्त ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेला क्लीनर. आणि कॉस्टिक तर कधीच नको. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. धुण्याचा सोडाही त्याच वाटेचा. पितळी जाळीला रॉड घालून नळ्या साफ करणारे कारागीर सवयीने कॉस्टिकच्या टाकीत जाळी बुडवतात, म्हणून जाळी देताना तोंडाने स्पष्ट सांगा.

कूलंट बदलताना इंजिन पूर्ण थंड असावं, गाडी सपाट जागी, चाकांना दगड. कॅबिनला हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. झाकण काढा, खाली टब ठेवा, रेडिएटरचा कॉक सोडा. मग ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही सोडा. तो सोडला नाही तर निम्मं जुनं कूलंट आतच राहतं. प्लग निघूनही पाणी येत नसेल तर भोकात गाळ घट्ट बसलाय, तार घालून मोकळं करा. निघालेलं कूलंट मापाच्या डब्यात मोजा आणि आकडा केबिनमध्ये कुठेतरी लिहून ठेवा. त्यात आत राहणारे २-३ लिटर मिळवले की छापील पुस्तकातल्या आकड्यापेक्षा ती बेरीज खरी, कारण जाळी बदललेल्या गाडीची क्षमता बदललेली असते.

मग साधं गोडं पाणी भरून, थर्मोस्टॅट आपोआप उघडून वरचा होज गरम होईपर्यंत चालवा, कोमट झाल्यावर सोडा. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. तीन-चार वेळा लागतातच. शेवटची फेरी डिमिनरलाइज्ड पाण्याची. या वेळी थर्मोस्टॅट बाहेर काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा आणि तापवा. त्याच्यावर जो अंश कोरलेला असेल, समजा ८२, तिथे त्याने उघडायला सुरुवात करावी आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडावं. नाही उघडला तर नवा घ्या. थर्मोस्टॅटशिवाय चालवलेलं इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त पितं, तेलात गाळ धरतो. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट कायम उघडी राहून पाणी जाळीकडे न जाता गोल गोल फिरतं आणि भरल्या गाडीला घाटात उलट जास्त ताप येतो.

भरण्याचा हिशोब उदाहरणाने सांगतो. सिस्टीम १४ लिटरची, सोडल्यावर ११ लिटर निघालं, म्हणजे ३ लिटर पाणी आत आहे. ४० टक्क्यांना ५.६ लिटर कॉन्सन्ट्रेट लागेल. ते आधी ओता, मग ५.४ लिटर डिमिनरलाइज्ड पाणी. उलट क्रमाने केलं तर बरेचदा पाण्यानेच सिस्टीम भरते आणि कूलंटला जागा उरत नाही. काम झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरच्या (कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या मापकाच्या) काचेवर दोन थेंब टाकून बघता येतं. ४० टक्क्यांना गोठणबिंदू उणे २४ च्या आसपास दिसतो. साधा तरंगता गोळ्यांचा मापक गरम कूलंटमध्ये चुकीचं दाखवू शकतो.

एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, काढायला गाडीचं तोंड चढावर ठेवा. कोकणात चढ शोधावा लागत नाही. झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवा, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येत राहतील आणि पातळी खाली जाईल, तसतसं मिश्रण घाला. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते, पुन्हा भरा. बाटली नसलेल्या गाडीत गळ्याच्या २५ ते ४० मिलिमीटर खालीच थांबा, फुगायला जागा हवी. काठोकाठ भरलेलं पाणी पहिल्या फेरीत बाहेर फेकलं जातं आणि मालकाला वाटतं हेड गॅस्केट गेलं. शक्य असेल तर ओव्हरफ्लोची बाटली बसवाच. तिला लागणारं झाकण वेगळं असतं. थंड होताना पाणी परत ओढणारी छोटी झडप आणि गळ्याच्या वरच्या कडेला बसणारा दुसरा रबर त्यात हवा.

होज हा स्वस्त भाग पण घात करणारा. कूलंटऐवजी पाण्यात सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं तेल) घातलेल्या गाड्यांचे होज फुगून मऊ पडतात, ते बदलाच. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असेल तर ती नव्यातही घाला. ती नसेल तर वरच्या आरपीएमला पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि गाडी फक्त पळवताना तापते. क्लिप आवळताना बेताने, ॲल्युमिनियमची नळी दबते. १०० किलोमीटरनंतर थंड इंजिनावर एकदा परत आवळा. जुना होज काढल्यावर नळीवर पांढरी भुकटी दिसली तर बारीक पॉलिशपेपरने हलकी साफ करा, खरवडू नका.

आता बाहेरची बाजू. इथे मीठच मालक आहे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर फेऱ्या करणाऱ्या गाडीची जाळी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे घाण ज्या दिशेने आली तिच्या उलट. नळाचा साधा दाब पुरतो. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप दोन फुटांच्या आत आणला की पट्ट्या आडव्या झोपतात आणि हवा अडते. ट्रक धुण्याचं फेसाळ रसायन बहुधा अल्कली असतं, ते जाळीवर मारू देऊ नका. पावसाळ्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कामाच्या पट्ट्यांत तांबडा चिखल जाळीच्या पंखपट्ट्यांत भरतो, वाळला की विटेसारखा होतो, ओला असतानाच धुवा. खालच्या रबरी पॅडखाली मीठ आणि चिखल ओलसर साचून राहतो, आणि बाहेरून लागणारं बहुतेक भोक तिथूनच येतं. पावसाळा संपल्यावर, वर्षातून एकदा, पॅड काढून ती कड स्वच्छ करा.

एक तपासणी मल्टिमीटरची. दोन मिनिटांची आहे आणि फार थोडे करतात. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन गळ्यातून कूलंटमध्ये, धातूला न लावता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेलं तर जाळीला वीज खाते आहे. सगळे दिवे लावून आणि सेल्फ मारतानाही बघा. कूलंट जुनं असेल तर आधी बदलून परत मोजा, तरीही जास्त आलं तर इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी बघा. खाऱ्या हवेत तिचे नटबोल्ट गंजतात आणि वीज परतीची वाट कूलंटमधून शोधते. नवी जाळी सहा महिन्यांत बारीक भोकांनी भरली तर दुकानदाराशी भांडण्याआधी हे मोजा.

तापमान मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूप कमी दाखवतो. वर-खाली काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवा आणि टेपवर मोजा. मग जाळीत मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत.

या जाळीची खरी उणीव दुरुस्तीत आहे. पितळी जाळीला डाग देणारा कणकवलीपासून चिपळूणपर्यंत कुठेही भेटतो. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, तेही टाकीच्या शिवणीला. जाळीच्या मधल्या पातळ नळीला वेल्डिंग टिकत नाही. रस्त्यात गळती लागली तर इपॉक्सी पुट्टी सुक्या, घासलेल्या जागेवर लावून, झाकण अर्धंच आवळून, हळूहळू घरी या. हळद, लीक बंद करणारी पावडर टाकू नका, ती भोकाआधी चांगल्या नळ्या बुजवते. लांबच्या फेऱ्या करणाऱ्याने ५ लिटर तयार मिश्रण, एक वरचा होज आणि दोन क्लिपा गाडीत ठेवाव्यात.

निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा परड्यात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, कुत्री आणि गुरं ते पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर ठळक लिहा, आणि वापरलेलं तेल घेऊन जाणाऱ्याला विचारा. तेलात मात्र मिसळू नका, मग तो दोन्ही घेत नाही.